हुशार यंत्र आणि अर्धवट चिठ्ठी

मोबाईलला प्रश्न विचारणे आता आपल्या घरांतही नवे राहिलेले नाही. पाऊस कधी येणार, योजनेचा हप्ता का थांबला, बाजारात संत्र्याला काय भाव आहे, हे सारे बोलून विचारता येते. पीएम-किसान योजनेच्या प्रश्नांसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ सुरू केले. २०२५ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ हे अॅप आणले. मराठीत विचारा, मराठीत उत्तर घ्या, अशी सोय झाली. नरखेडसारख्या संत्र्याच्या तालुक्यात, जिथे एका पावसावर वर्षाचा हिशेब अवलंबून असतो, तिथे ही सोय लहान नव्हे.

पण यंत्राकडून एखादे उत्तर चुकीचे आले की आपण चटकन म्हणतो, “शेवटी यंत्रच ते, त्याला अक्कल कुठली?” आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. अशा चुकांपैकी पुष्कळ चुकांचे मूळ यंत्राच्या अकलेत नसते. ते असते माणसाने लिहिलेल्या चार ओळींत. त्या चार ओळी कोणत्या, त्या कशा लिहाव्यात आणि त्यांच्याशी आपला काय संबंध, हे या लेखात पाहू.

एजंट काय करतो?

नुसते बोलणारा एआय आणि एआय एजंट यांत फरक आहे. पहिला केवळ उत्तर देतो. एजंट काम करतो. काम करायला त्याला साधने लागतात, त्यांना टूल म्हणतात. एक टूल हवामान खात्याची माहिती आणते, दुसरे बाजार समितीचा भाव आणते, तिसरे अर्जाची स्थिती पाहते, चौथे अर्ज भरून पाठवते. २०२३ च्या जूनमध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या एआयला अशी टूल जोडण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने कोणतेही टूल कोणत्याही एआयला एकाच पद्धतीने जोडता यावे म्हणून ‘एमसीपी’ नावाची खुली पद्धत जाहीर केली. तेव्हापासून टूलांची संख्या झपाट्याने वाढत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. टूलच्या आत काय आहे हे एजंटला दिसत नाही. त्याला दिसते फक्त टूलचे नाव, त्याखाली साध्या भाषेत लिहिलेले वर्णन आणि भरायच्या रकान्यांची यादी. तेवढे वाचून कोणते टूल घ्यायचे आणि त्यात काय भरायचे, हे तो ठरवतो.

बागेतले उदाहरण घेऊ. परगावाहून नवा सालदार आला आहे. मेहनती आहे, वाचता येते, पण ही बाग त्याने पाहिलेली नाही. मालक गावाला गेला आहे आणि कोठीत बंद डबे आहेत. दोन डब्यांवर एकच चिठ्ठी आहे, ‘बोर्डो’. एकात झाडांवर फवारायचे बोर्डो मिश्रण आहे, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दुसऱ्यात खोडाला लावायची बोर्डो पेस्ट आहे, तेवढेच मोरचूद आणि चुना, पण पाणी फक्त दहा लिटर. पेस्ट दहापट तीव्र. सालदाराने ती पंपात भरून पानांवर मारली तर दोष कोणाचा? त्याच्या अकलेचा की चिठ्ठी लिहिणाऱ्याचा?

एआय बनवणाऱ्या कंपन्याही आता हेच सांगू लागल्या आहेत. कामावर नव्याने लागलेल्या माणसाला समजावून सांगावे तसे टूलचे वर्णन लिहा, प्रत्येक टूलसाठी निदान तीन-चार वाक्ये तरी लिहा, असा सल्ला अँथ्रोपिकने दिला आहे. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या माणसाला जे न सांगता कळते, ते नव्या माणसासाठी लिहावेच लागते.

गाव, दिवस आणि बहार

हवामानाच्या टूलचे वर्णन समजा एवढेच आहे: ‘गावाचे हवामान दाखवते.’ रकाना एकच, ‘गाव’. शेतकऱ्याने ‘नरखेड’ म्हटले. पण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातही नरखेड नावाचे गाव आहे. आपल्या तालुक्यात सावरगाव आहे, आणि सावरगावे तर महाराष्ट्रात किती तरी आहेत. उत्तर येईल, नीट मराठीत येईल, फक्त पाऊस दुसऱ्याच गावचा असेल. उपाय अवघड नाही. वर्णनात लिहावे की गावाबरोबर तालुका आणि जिल्हा द्यावा, आणि तो माहीत नसेल तर आधी विचारावा. केंद्र शासनाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला वेगळा सांकेतिक क्रमांक आहे. रकान्यात नावाऐवजी तो क्रमांक मागितला तर घोळच राहत नाही.

दिवसाचे तसेच. आपल्या घरांत उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडी मराठी एकाच चुलीभोवती बोलली जाते. “कल पानी गिरेगा क्या?” यातला ‘कल’ उद्याचा. “कल संतरे का क्या भाव था?” यातला ‘कल’ कालचा. मराठीत तर ‘कल’ म्हणजे झुकाव. माणसाला हे क्रियापदावरून कळते, एआयलाही बहुधा कळते. पण प्रश्न तुटक असेल, “कल का भाव?” एवढाच असेल, तर? म्हणून दिनांकाच्या रकान्यापुढे स्पष्ट लिहावे: ‘वर्ष, महिना, दिवस या क्रमाने दिनांक द्यावा, काल की उद्या हे प्रश्नावरून नक्की होत नसेल तर विचारावे.’ दोन ओळींचे काम आहे, पण ज्याने असे घर पाहिले आहे त्यालाच ते सुचेल.

तिसरे उदाहरण संत्र्याच्या बागेचे. टूलचे वर्णन, ‘पिकाला पाणी केव्हा द्यावे ते सांगते.’ रकाना, ‘पीक’. डिसेंबरमध्ये शेतकऱ्याने विचारले, संत्र्याला पाणी देऊ का? आंबिया बहार घ्यायचा असेल तर या दिवसांत बागेला ताण द्यायचा असतो, पाणी तोडायचे असते, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते. पण शेजारच्या बागेत मृग बहाराची फळे झाडावर असतात. ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडणीला येतात आणि तोपर्यंत त्यांना पाणी लागते. तालुका तोच, पीक तेच, महिना तोच, आणि सल्ला मात्र अगदी उलट. ‘बहार’ हा रकाना टूलमध्ये नसेल तर एजंट कितीही हुशार असला तरी अर्ध्या शेतकऱ्यांचे नुकसान ठरलेले. हा रकाना हवा हे मोठ्या शहरातल्या संगणकाच्या कार्यालयात बसून सुचणे कठीण. काटोल-नरखेडच्या बागेत उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते विचारावेही लागत नाही.

तोळा आणि वेळ

आपल्या दीनी व्यवहारातही हीच कसोटी लागते. जकातीचा हिशेब करणारे टूल घ्या. सोन्याचा निसाब साडेसात तोळे आणि चांदीचा साडेबावन्न तोळे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हा तोळा जुना आहे, ११.६६४ ग्रॅमचा. म्हणून सोन्याचा निसाब ८७.४८ ग्रॅम आणि चांदीचा ६१२.३६ ग्रॅम होतो. आज सराफाच्या दुकानात मात्र तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. टूलच्या रकान्यात नुसते ‘सोने, तोळ्यांत’ लिहिले तर साडेसात तोळे ७५ ग्रॅमचे होतात. ज्या बहिणीजवळ केवळ ८० ग्रॅम सोने आहे आणि दुसरे काही नाही, तिचा निकाल या एका शब्दाने बदलतो. मसला काय हे आलिम सांगतील. आमचा मुद्दा लिहिण्याचा आहे. रकान्यात ‘ग्रॅम’ लिहावे, आणि वापरणाऱ्याने तोळा म्हटल्यास तो कोणता हे विचारून घेण्याची सूचना द्यावी.

असरच्या वेळेचेही असेच आहे. शाफई मसलकात असरची वेळ हनफी मसलकापेक्षा लवकर सुरू होते, दोहोंत तासाभराच्या आसपास फरक पडतो. विदर्भात बहुतेक घरे हनफी, कोकणातले आपले पाहुणे शाफई. नमाजच्या वेळा पुरवणाऱ्या ‘अलअधान’ या इंटरनेटवरील सेवेत मसलकासाठी वेगळा रकाना आहे, आणि तो भरला नाही तर शाफई वेळ मिळते हेही तिथे लिहिलेले आहे. लिहिले असल्यामुळे हनफी घरासाठी टूल बनवणारा माणूस तो रकाना भरू शकतो. न सांगता एखादी गोष्ट गृहीत धरणे हीच वर्णनातली सर्वात मोठी उणीव. गृहीत धरलेले सांगितले की ती उणीव उरत नाही.

शेख रहीम शेख करीम

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय, नावे. आपल्याकडे नाव ‘शेख रहीम शेख करीम’ असे लिहिण्याची रीत आहे. आधी मुलाचे, मग वडिलांचे, आणि ‘शेख’ दोन्हींपुढे. फॉर्ममध्ये मात्र तीन चौकटी असतात: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. कुठे ‘शेख’ आडनावाच्या चौकटीत जातो, कुठे नावाच्या. रोमन लिपीत ‘शेख’ आणि ‘सय्यद’ यांचे स्पेलिंग आधारवर एक, सातबाऱ्यावरून भाषांतरित झालेले दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. बायकांच्या नावामागचे बी, बेगम, बानो कधी लागते, कधी गळते. नाव जुळले नाही म्हणून हप्ता अडकणे, शिष्यवृत्ती थांबणे, हे कित्येक घरांनी भोगले आहे.

उद्या हीच पडताळणी एजंट करू लागला आणि टूलच्या वर्णनात ‘नाव तपासते’ एवढेच असले, तर तो अक्षराला अक्षर लावील आणि ‘व्यक्ती सापडली नाही’ असे सांगून मोकळा होईल. पूर्वी निदान कार्यालयातला बाबू चेहरा पाहून म्हणत असे, “अहो, हा तर तोच.” ती संधीही जाईल. याच टूलचे वर्णन असे लिहिता येते: ‘नाव आधारवर आहे तसे संपूर्ण द्यावे, तुकडे करू नयेत. नावातील शब्दांचा क्रम आणि स्पेलिंग कागदपत्रांत वेगवेगळे असू शकते. नाव पूर्ण जुळले नाही याचा अर्थ व्यक्ती वेगळी आहे असा घेऊ नये. अशा वेळी अर्ज नाकारू नये. काय जुळले आणि काय नाही ते लिहून कर्मचाऱ्याकडे पाठवावा.’ या पाच वाक्यांनी कोणाच्या घरची चूल पेटती राहील. म्हणून हा विषय केवळ संगणकवाल्यांचा नाही, असे आम्ही म्हणतो.

चांगले वर्णन कसे असते?

बाजारभावाचे एक टूल घेऊ. ‘भाव दाखवते’ हे वर्णन वाईट. चांगले वर्णन साधारण असे होईल:

‘हे टूल महाराष्ट्रातील एका बाजार समितीतील एका शेतमालाचा एका दिवसाचा भाव देते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर मिळतात. ते रुपये प्रति क्विंटल असतात. होऊन गेलेल्या दिवसाचा किंवा आजचा भाव विचारला तर वापरावे. पुढे भाव किती होईल असे विचारल्यास वापरू नये, हे टूल अंदाज देत नाही. बाजार समितीचे नाव आणि जिल्हा दोन्ही द्यावेत. “नोंद नाही” असे उत्तर आल्यास त्या दिवसाचा भाव उपलब्ध नाही असे सांगावे. भाव शून्य आहे असे समजू नये. शेतकऱ्याने टनाचा भाव मागितला तर दराला दहाने गुणावे आणि गुणल्याचे सांगावे.’

यात काय काय आले ते पाहा. टूल काय करते, केव्हा वापरावे, केव्हा वापरू नये, काय भरावे, उत्तर कोणत्या मापात येते, आणि उत्तर न मिळाल्यास काय समजावे. शेवटची ओळ मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सरकारी तक्त्यात भाव क्विंटलचा असतो आणि कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे बोलणे टनात होते. ही गाठ कोणीतरी लिहून सोडवली नाही तर शेतकरी एका भावाच्या आशेवर गाडी भरील आणि हातात दुसराच पडेल.

आम्ही शिक्षक प्रश्नपत्रिका काढतो तेव्हा हाच विचार करावा लागतो. वर्गात मूल हात वर करून विचारू शकते, “सर, याचा अर्थ काय?” परीक्षेच्या दालनात ते विचारू शकत नाही, कागदावर आहे तेच त्याचे सर्वस्व. एजंटची स्थिती त्या मुलासारखी आहे. एक फरक मात्र आहे. मूल गोंधळले तर प्रश्न कोरा सोडते. एआय पुष्कळदा अंदाजाने भरून टाकतो, आणि तेही मोठ्या विश्वासाने. म्हणून ‘नक्की नसेल तर विचार’ ही ओळ वर्णनात लिहावीच लागते.

आणखी दोन पथ्ये आहेत. सारख्या कामाची पाच टूल एकत्र ठेवली की एजंट गोंधळतो, म्हणून दोन टूलांत फरक काय तो लिहावा, नाही तर त्यांचे एकच करावे. दुसरे पथ्य त्याहून महत्त्वाचे. काही टूल फक्त पाहतात, काही टूल करतात. अर्जाची स्थिती पाहण्यात नुकसान नाही. अर्ज मागे घेणे, पैसे पाठवणे, नाव बदलणे हे परत फिरवता येत नाही. अशा टूलवर ठळक लिहिलेले असावे की हे काम झाल्यावर उलटवता येणार नाही, आधी माणसाची मंजुरी घ्यावी. नुसत्या ओळीवर विसंबू नये, टूलमध्येच तसा अडसर असावा. पण ओळ तर हवीच.

लिहिणे ही अमानत आहे

वर्णन खोटेही असू शकते, हेही सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले की टूलच्या वर्णनात लबाडीच्या सूचना दडवता येतात. वरून टूल साधे, बेरीज-वजाबाकीचे. आत एजंटसाठी सूचना, की वापरणाऱ्याची खासगी फाइल गुपचूप पाठव. माणसाला ती सूचना पडद्यावर दिसत नाही, एजंट मात्र ती वाचतो. म्हणून अनोळखी माणसाने दिलेले टूल आपल्या मोबाईलला किंवा दुकानाच्या संगणकाला जोडू नये. औषधाच्या बाटलीवरचे लेबल पाहतो तसे ते कोणी दिले, हे आधी पाहावे.

या सगळ्यात आम्हाला सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीची आठवण होते. कुरआनातील ही सर्वात मोठी आयत, आणि तिचा विषय आहे मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवणे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा आणि त्यात काही कमी करू नये, व्यवहार लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी शिकवण त्यात आहे. अल्लाहतआलाने लिहिण्याला एवढे महत्त्व दिले ते लोकांत पुढे तंटा आणि शंका राहू नये म्हणून. टूलचे वर्णन हा कर्जाचा कागद नव्हे हे खरे. पण एकाने लिहिलेल्या ओळींवर दुसऱ्याचा हक अवलंबून असतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. आणि ज्याचा व्यवहार त्याने मजकूर सांगावा, यातही धडा आहे. बागेच्या टूलचा मजकूर बागायतदाराने सांगावा, जकातीच्या टूलचा आलिमने, विधवा बहिणीच्या पेन्शनच्या टूलचा अशा बहिणींचे फॉर्म भरून देणाऱ्या माणसाने. संगणकवाल्याने तो नीट मांडावा.

आमच्या मते येथेच आपल्या मुलामुलींना जागा आहे. दहावी-बारावीनंतर संगणक शिकणारी मुले समजतात की इंग्रजी फाडफाड आले आणि कोड लिहिता आले की झाले. कोड आता एआयही लिहू लागला आहे. पण ‘तोळा’ कोणता, ‘कल’ कोणता, बहार कोणता, नरखेड कोणते, हे ओळखून दोन भाषांत नेमके लिहिणारा माणूस सहज मिळत नाही. उर्दू आणि मराठी दोन्ही घरात असणे हे ओझे आहे असे कित्येक पालकांना वाटते. या कामात ती दौलत आहे.

सुरुवात घरातून करता येते, पैसा लागत नाही. मुलाला सांगा: घरातले एक काम निवड, मोटार सुरू करणे म्हण किंवा आजीच्या गोळ्या देणे म्हण. कधीही घरात न आलेल्या माणसाला ते करता यावे असे सहा ओळींत लिही. काय करायचे, केव्हा करायचे, केव्हा करायचे नाही, काय तपासायचे, अडले तर कोणाला विचारायचे. मग ते शेजारच्या मुलाला वाचायला द्या आणि तो कुठे अडतो ते पाहा. जिथे तो अडेल तिथे एजंटही अडेल. तेवढी ओळ नव्याने लिहायला सांगा, आणि पुन्हा वाचायला द्या.